पायात गोळा येतो की पाय वळतो?

पार्किन्सन्सच्या 'कंपवात' या नावातच कंप आहे. त्यामुळे हात थरथरत नाही तोवर त्याची शंका कुणाला येत नाही, पस्तिशीतल्या माणसाबद्दल तर नाहीच. पण वयाच्या 50च्या आत सुरू होणाऱ्या पार्किन्सन्समध्ये काहींची पहिली तक्रार 'चालताना पाय वळतो' अशी असते. आणि गोळे येतात असं समजून ती केळी, कॅल्शियम, तेलमालिश यांत कित्येक महिने जिरून जाते.

गोळा सगळ्यांच्या ओळखीचा. रात्री झोपेत पोटरी दगडासारखी होते, जीव कळवळतो, पाऊल वर ओढून धरलं की सुटते.

पाय वळतो तो डिस्टोनियामुळे. मेंदूचा स्नायूंवरचा ताबा बिघडतो आणि एकमेकांविरुद्ध ओढणारे स्नायू एकदमच आखडतात. सुरुवातीला पाय स्वस्थ असताना तो दिसत नाही. थोडं अंतर चाललं किंवा धावलं की एकाच पायाची बोटं मुडपतात किंवा अंगठा वर ताठतो, पाऊल आत कलंडतं. बसलं की सैल. पुन्हा चाललं की तोच पाय, तीच तऱ्हा. दुखतंच असंही नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अशा पेशंटला टेबलावर झोपवून तपासलं तर पाय अगदी सरळ! म्हणून मी आधी चपला उलट्या करून बघते. एकीचीच बाहेरची कड झिजलेली असेल तर पेशंटला गॅलरीत चांगलं दमेपर्यंत चालवते. उलटं, मागे चालायला सांगितलं तर कधीकधी तोच पाय नीट पडतो. घरच्यांना ते नाटक वाटतं. ते नाटक मुळीच नाही. डिस्टोनिया ठरावीक हालचालीलाच चिकटलेला असू शकतो.

त्याच बाजूचा हात चालताना हलत नसेल, शर्टाची बटणं लावायला वेळ लागत असेल, अक्षर बारीक होत असेल, तर मी केळी सुचवत बसत नाही, थेट न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवते. घरात आणखी कुणाला तरुणपणी हा आजार झाला होता का, तेही विचारते. 1998 साली जपानी संशोधकांनी शोधलेल्या पार्किन जीनमधल्या बिघाडामुळे होणाऱ्या आनुवंशिक पार्किन्सन्समध्ये पायाचा डिस्टोनिया बऱ्याचदा दिसतो.

पाय वळला म्हणजे पार्किन्सन्सच, असं मात्र नाही. सेगावा या दुर्मिळ आनुवंशिक आजारातही डिस्टोनियाने पाय वळतो. तो बहुधा लहानपणी सुरू होतो, संध्याकाळी वाढतो, झोपेनंतर कमी होतो आणि लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरच्या औषधाच्या अगदी कमी डोसवर वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो. लेव्होडोपाने गुण पार्किन्सन्सलाही येतो, म्हणून निदान नुसत्या गोळीवर ठरत नाही.

डॉक्टरांकडे जाताना मोबाइलवर चालण्याचा व्हिडिओ घेऊन जा, पाय वळायला लागल्यानंतरचा. आणि ती झिजलेली चपलच घालून जा.