नक्षी शाबूत, म्हणजे टायर चांगला?

'नक्षी शिल्लक आहे ना, मग टायर कशाला बदलतोस?' जुन्या बाइकवाल्यांना हे हमखास ऐकवलं जातं. पटतंही, कारण झीज डोळ्यांना दिसते, रबराचं वय दिसत नाही. सोसायटीत उभ्या गाडीची नक्षी टिकते. पण ऊन आणि हवेतला ऑक्सिजन रबर कडक करतच राहतात. कडक रबर ओल्या रस्त्यावर नीट पकड घेत नाही, आणि पावसाळ्यातले मुंबईचे पेव्हर ब्लॉक तुम्हाला ठाऊकच आहेत.

वय टायरवरच छापलेलं असतं. बाजूवर चार आकडे शोधा: २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. (कधी पलीकडच्या बाजूला असतात, वाकावं लागतं.) पाच वर्षं उलटली तर दरवर्षी तपासून घ्या, दहा झाली तर नक्षी कितीही असो, बदला. नवा घेतानाही आकडे वाचा, दुकानात पडूनही टायर म्हातारा होतो.