पार्श्वभूमी : पान्हा, ऊन आणि एक इंजेक्शन

सोलापुरात पारा चाळिशी ओलांडून गेला की गोठ्यागोठ्यातून एकच तक्रार ऐकू येते : म्हैस पान्हा चोरते. पंढरपुरी म्हैस काटक खरी, पण काळं कातडं आणि घामाच्या तोकड्या ग्रंथी तिच्याही वाट्याला आल्यात. डुंबायला पाणी नसलं की अंग तापतं. मेंदूतलं हायपोथॅलॅमस ते जोखतं, थायरॉइडचं काम मंदावतं, वैरण कमी खाल्ली जाते. पान्हा सोडणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरकही हायपोथॅलॅमसमध्येच तयार होतं.

१९४१ साली अमेरिकेत धारेच्या वेळी गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं, कागदी पिशव्या फोडल्या. भेदरलेल्या गाईचा पान्हा आटला. भीतीने उसळणारं अॅड्रेनलिन ऑक्सिटोसिनच्या आड आलं.

आपल्याकडे पान्ह्याच्या याच प्रक्रियेवर आधी 'फुका' चालायचा : जनावराच्या योनीत हवा फुंकायची, की पान्हा सुटे. १९६०च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ ने तो गुन्हा ठरवला आणि दुधासाठी टोचलेली अपायकारक सुईही त्यातच धरली. म्हणजे कायदा होताच.

तरीही एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली : देशात वापरायचं ऑक्सिटोसिन कर्नाटकातल्या एकाच सरकारी कंपनीने बनवायचं, आयात बंद. अंमलाची तारीख १ जुलैवरून १ सप्टेंबरवर ढकलली गेली. कारण दिलं गोठ्यातल्या गैरवापराचं, म्हणजे पान्ह्यासाठी जनावराला त्याची सुई टोचण्याचं. पण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला दवाखान्यात पहिलं औषध हेच. अख्ख्या देशाच्या बाळंतिणी एका कारखान्याच्या भरवशावर? १४ डिसेंबर २०१८ रोजी दिल्लीतल्या उच्च न्यायालयाने अधिसूचना रद्द केली, इतर कंपन्यांवरच्या बंदीला शास्त्रीय आधार नाही म्हणून. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. गोठ्यात पोचणारी बिनलेबलाची बाटली मात्र चोरट्या बाजारातली. तिला अधिसूचनेचा काय धाक?

दुधातून हे औषध पोरांच्या अंगात भिनतं, ही भीती शहरात फार. खरं तर ऑक्सिटोसिन ही नऊ अमिनो आम्लांची साखळी, पोटात गेली की पचून जाते. भोग म्हशीचे : रोज सुई बसली की सुईवाचून पान्हा सुटेनासा होतो. एरवीही तिला पान्हवायला गाईपेक्षा जास्त वेळ लागतोच. जुने लोक धारेआधी अंगावर पाणी मारत, पुढ्यात आंबोण ठेवत, रेडकू कासेला लावत आणि मग थांबत.