नौकेची आकस्मिक हानी (उजनी जलाशय, सोलापूर जिल्हा)

प्रवासात असताना नौकेच्या तळाला छिद्र पडणे, सांधा उघडून गळती सुरू होणे, सुकाणू वा पंखा निकामी होणे किंवा यंत्र बंद पडणे यांचा समावेश आकस्मिक हानीत होतो. किनाऱ्यालगतच्या सागरी प्रवासात या प्रसंगांची तयारी नौकानयनाचा भागच मानली जाते. सोलापूर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. परंतु भीमा नदीवरील उजनी धरणाच्या यशवंतसागर जलाशयात मासेमारी चालते आणि करमाळा व इंदापूर तालुक्यांतील गावांदरम्यान होड्यांतून माणसांची ये-जा होते. त्यामुळे येथेही हा विषय जीवनमरणाचा आहे.

१९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेले तळाचे पाणी, आहे. उन्हाळ्यात पातळी मृतसाठ्याच्याही खाली गेली, की बुडालेल्या गावांतील वाडे, देवळे, विहिरींचे कठडे आणि शेतांचे बांध पृष्ठभागाजवळ येतात. पळसदेवचे प्राचीन मंदिर तर उघडेच पडते. सागरी खडक नकाशावर एका जागी नोंदवता येतो, परंतु येथील अडथळ्याची पाण्याखालील खोली पातळीबरोबर सतत बदलते. हिवाळ्यात निर्धोक असलेला मार्ग वैशाखात तळ फाडू शकतो. नावाड्याची वाटेविषयीची माहिती त्या हंगामातील असावी लागते, हा मुद्दा प्रस्तुत लेखकास सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

तळाला भोक पडल्यावर आत येणाऱ्या पाण्याचा वेग त्या भोकाच्या पाण्याखालील खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पाण्याच्या रेषेखाली ३० सेंटिमीटरवर ५ सेंटिमीटर व्यासाचे भोक असल्यास मिनिटाला साधारण १७० लिटर पाणी आत येते. दहा लिटरच्या बादलीने ते उपसायचे, तर मिनिटाला सतरा बादल्या उपसाव्या लागतील. म्हणून उपसण्याआधी गळती मंद करणे आवश्यक ठरते. हाताशी असेल ते जाड कापड, सोलापुरी चादरसुद्धा, भोकात घट्ट कोंबावे आणि त्यावर फळी दाबून धरावी. शक्य असल्यास कापड किंवा ताडपत्री बाहेरून लावावी, कारण तेथे पाण्याचा दाबच ती जागी धरून ठेवतो. १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभिंतीवर आपटलेले कप्तान कुकचे ‘एन्डेव्हर’ जहाज अशाच रीतीने, लोकर व तागासारखे धागे लावलेले शीड तळाखालून ओढून, तरते राखले गेले. भोक एका बाजूस आणि रेषेजवळ असल्यास सामान विरुद्ध बाजूस सरकवून ते पाण्याबाहेर उचलता येते. मात्र प्रवाशांनी उठून एकदम त्या बाजूस धावू नये. आत साचलेले पाणी कलत्या बाजूकडे वाहते, कल आणखी वाढवते, आणि बुडण्याआधीच होडी उलटते.

यंत्र बंद पडण्यामागे पंख्यात अडकलेले जाळे किंवा जलपर्णी हे कारण पुष्कळदा असते. अशा वेळी यंत्र पूर्ण थांबवूनच पंखा मोकळा करावा आणि त्याआधी नांगर टाकून होडीची नाळ (पुढचे टोक) वाऱ्याकडे करावी, कारण आडव्या होडीत लाटा थेट शिरतात. वळवाच्या पावसाआधीचे सोसाट्याचे वारे या विस्तीर्ण पाण्यावर थोड्याच वेळात उंच लाटा उठवतात. २१ मे २०२४ रोजी कुगाव (ता. करमाळा) व कळाशी (ता. इंदापूर) यांदरम्यान होडी उलटून सहा जणांना प्राण गमवावे लागले, तेही वादळी वाऱ्यातच. अशा वाऱ्यात बिघडलेली होडी गावच्या धक्क्यापर्यंत नेण्याचा आग्रह धरू नये. वारा ज्या बाजूला वाहत नेतो त्या बाजूचा जवळचा उथळ, चिखलाचा काठ गाठून ती तेथेच टेकवावी.

जीवरक्षक जाकिटे निघतानाच अंगावर असावीत; होडी कलंडू लागल्यावर ती चढवायला सवड मिळत नाही. समुद्रावर मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आणि व्हीएचएफ (बिनतारी) संचाची १६ क्रमांकाची वाहिनी उपलब्ध असते. जलाशयावर भ्रमणध्वनीवरून ११२ क्रमांकाला कळवून जवळच्या दोन्ही काठांच्या गावांची नावे सांगावीत. उलटलेली होडी तरंगत असेल, तर पोहता येणाऱ्यांनीही तिला धरून राहावे, कारण पाण्यावरून काठ प्रत्यक्षाहून जवळ भासतो.

काठावर आल्यानंतर फायबरची होडी पूर्ण वाळवून आणि तडा घासून मगच कापड व राळेचे थर चढवतात. ओल राहिल्यास थर सुटतो. पत्र्याच्या होडीला वेल्डिंग पुरते, मात्र त्यानंतर होडी रिकामी असताना पाण्यात ठेवून आतील सांधे पाहावे लागतात. आपटल्याची जागा इतर नावाड्यांना कळवून तेथे तरंगता पिंप बांधणे हाही दुरुस्तीचाच भाग समजावा.