लहान वयातला गोलकीपर: पारख आणि तयारी

फुटबॉलमधे साधारण १० ते १६ वयाच्या पोरापोरींतून पुढे चांगला कीपर कोण होईल हे हेरणं आणि त्याला तसं घडवणं, हे बाकी पोझिशनपेक्षा अवघड काम आहे, कारण कीपर उशिरा पिकतो आणि मुळात मॅचमधे त्याच्याकडे बॉल येतोच कमी वेळा.

सगळ्यात जास्त घोळ उंचीवरून होतो. मुलांची उंची साधारण १३-१४ व्या वर्षी झपाट्याने वाढते, मुलींची त्याच्या एक-दोन वर्षं आधी, त्यामुळे बाराव्या वर्षी सगळ्यांपेक्षा उंच असलेला पोरगा सोळाव्या वर्षी बरोबरीत येऊन थांबू शकतो. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो, म्हणजे मोठेपणी उंचीचा फायदा आहेच, भारताकडून खेळलेल्या उंच कीपर गुरप्रीतसिंग संधूकडे बघितलं की ते कळतं. पण २०१० चा वर्ल्ड कप जिंकणारा स्पेनचा कॅप्टन आणि कीपर इकेर कासियास सहा फुटांच्या आसपासचाच होता. ट्रायलला नुसती उंची बघून पोरं घरी पाठवणं हा सरळसरळ अन्याय आहे.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे डाइव्ह. हवेत झेपावून काढलेला बॉल फोटोत भारी दिसतो, पण बऱ्याचदा आधी पाय हलले नाहीत म्हणूनच झेपावं लागलेलं असतं. जाणकार कोच बॉलवर लाथ बसायच्या आधीचा क्षण बघतो: पोरगा बॉल आणि गोलच्या मधल्या रेषेत आलाय का, शॉटच्या वेळी दोन्ही पाय टेकलेत का अजून पळतोच आहे, वजन चवड्यांवर आहे का टाचांवर. पळता पळता शॉट आला की अगदी हाताजवळचा बॉलपण सुटतो. आणि गोल खाल्ल्यानंतरची पाच मिनिटं तर बघायलाच हवीत, आधी क्रॉसला (बाजूने गोलसमोर मारलेल्या बॉलला) बिनधास्त बाहेर येणारा आता गोलच्या रेषेला चिकटून बसतो का ते तिथेच कळतं.

लहानपणीच एकाला कायमचं गोलमधे उभं करू नये, सगळ्यांनी आळीपाळीने उभं राहावं. इटलीचा कीपर बुफॉन आधी मिडफिल्डर (मधल्या फळीतला) होता, बेल्जियमचा कीपर कोर्त्वा लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू). १९९२ पासून टीममेटने मुद्दाम पायाने दिलेला बॅकपास हातात घेता येत नाही, तेव्हापासून कीपरचे पायही चांगले लागतात, आणि ते गोलबाहेर, बाकी पोझिशनवर खेळूनच तयार होतात. बुफॉन १७ व्या आणि इटलीचाच कीपर डोन्नारुम्मा १६ व्या वर्षी सेरी आमधे (इटलीच्या सगळ्यात वरच्या लीगमधे) उतरले खरे, पण ते अपवाद, त्यांच्याकडे बघून घाई करू नये.

डाइव्ह शिकवायची ती आधी बसून, मग गुडघ्यांवरून, मग उभ्याने. आपल्याकडे बरीच ग्राउंडं मुरमाची, तिथे एकदा कोपर-कंबर सोलली की पोरगं पडायलाच घाबरतं आणि मग वर्षभर नुसते पाय घालून बॉल अडवत राहतं, म्हणून सुरुवात वाळूवर, गवतावर किंवा मॅटवर करावी.