फ्रेंच खुली टेनिस स्पर्धा, १९९९ : महिला एकेरीचा अंतिम सामना

पॅरिसच्या रोलां गॅरोस संकुलातील मुख्य कोर्टवर ५ जून १९९९ रोजी झालेला हा सामना जर्मनीच्या स्टेफी ग्राफने स्वित्झर्लंडच्या मार्टिना हिंगिसवर ४-६, ७-५, ६-२ असा मात करून जिंकला. ग्राफचे हे सहावे फ्रेंच आणि एकूण बाविसावे ग्रँड स्लॅम (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विंबल्डन आणि अमेरिकन या चार मोठ्या स्पर्धांतले) एकेरी विजेतेपद. तेच शेवटचेही ठरले. एका वादग्रस्त निर्णयामुळे आणि त्यानंतर प्रेक्षकांनी हिंगिसविरुद्ध उठवलेल्या गदारोळामुळे महिला टेनिसच्या इतिहासात हा सामना खेळापेक्षा तमाशासाठी अधिक आठवला जातो. ते काहीसे अन्यायाचे आहे, कारण त्यात टेनिसही पहिल्या प्रतीचे होते.

हिंगिस तेव्हा १८ वर्षांची आणि जागतिक क्रमवारीत पहिली होती. ३१ मार्च १९९७ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी ती अव्वल क्रमांकावर पोचली होती. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियन, विंबल्डन आणि अमेरिकन या तिन्ही स्पर्धा तिने जिंकल्या. फ्रेंच तेवढी हुकली. त्या वर्षी एप्रिलमध्ये घोड्यावरून पडून तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती; त्यातून सावरून ती अंतिम फेरीत पोचली खरी, पण क्रोएशियाच्या इव्हा मायोलीने तिला सरळ दोन सेटमध्ये हरवले. म्हणजे चार मोठ्या स्पर्धांपैकी एवढी एकच तिच्या हाती लागायची राहिली होती. तिच्या खेळात ताकदीपेक्षा डोके जास्त चाले. प्रतिस्पर्ध्याचा फटका निघण्याआधीच ती जागेवर असे, आणि जाळ्याजवळ टाकलेला नाजूक ड्रॉप शॉट व त्यामागोमाग डोक्यावरून मारलेला लॉब ही तिची आवडती जोडी होती.

ग्राफ तिशीला नऊ दिवस उरलेली. १९९७ च्या जूनमध्ये तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर बराच काळ ती कोर्टबाहेर होती. १९९६ च्या अमेरिकन स्पर्धेनंतर तिच्या नावावर एकही ग्रँड स्लॅम नव्हते आणि पॅरिसमध्ये तिला सहावे मानांकन (स्पर्धेआधी ठरवलेला खेळाडूंचा क्रम) मिळाले होते. खेळ आता वेगवान झाला आहे, ग्राफचे दिवस सरले, अशा अर्थाचे हिंगिसचे बोलणे १९९८ मध्येच वर्तमानपत्रांतून गाजले होते. स्पर्धेच्या सुरुवातीला ग्राफवर पैजा लावणारे थोडेच असतील. तिने मात्र उपान्त्यपूर्व फेरीत दुसऱ्या मानांकित लिंडसे डेव्हनपोर्टला आणि उपान्त्य फेरीत तिसऱ्या मानांकित मोनिका सेलेसला हरवले, दोन्ही सामने तीन सेटचे. हिंगिसने दुसऱ्या बाजूने अरांता सांचेझ विकारिओला सहज बाजूला सारले होते.

प्रेक्षक ग्राफच्या बाजूने का होते, याचे उत्तर फक्त तिच्या वयात नाही. त्या वर्षी जानेवारीत ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या वेळी हिंगिसने फ्रान्सच्या अमेली मॉरेस्मोबद्दल हिणकस शेरा मारला होता आणि अंतिम सामन्यात तिला हरवलेही होते. रोलां गॅरोसला दुसऱ्याच फेरीत पुन्हा मॉरेस्मो समोर आली, पुन्हा हिंगिस जिंकली. त्यामुळे पॅरिसकरांची तिच्यावर खुन्नस होती. अंतिम सामन्याच्या दिवशी त्यांना फक्त निमित्त हवे होते.

पहिला सेट हिंगिसने ६-४ असा घेतला आणि दुसऱ्यात ती २-० ने पुढे गेली. ग्राफचा फोरहँड लयीत नव्हता, बॅकहँडचा स्लाइस (चेंडूला उलटी फिरकी देणारा फटका) हिंगिसला फारसा त्रास देत नव्हता. तिसऱ्या गेमच्या प्रारंभी हिंगिसचा फोरहँडचा परतीचा फटका रेषेलगत पडला. रेषापंचाने चेंडू बाहेर दिला. लाल मातीच्या कोर्टवर चेंडूची खूण उमटते, आणि शंका आली की खुर्चीवरील पंच खाली उतरून ती पाहतात. पंच ॲन लासेर यांनी निर्णय कायम ठेवला. हिंगिसला ते पटेना. ती थेट जाळ्याला वळसा घालून ग्राफच्या बाजूला गेली आणि स्वतःच खुणेकडे बोट दाखवू लागली.

नेमके हेच नियमात बसत नाही. खेळाडूने प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात जाणे हा आचारसंहितेचा भंग मानला जातो. रॅकेट आपटल्याबद्दल तिला आधी एक ताकीद मिळालेली होती, त्यामुळे या दुसऱ्या गुन्ह्याबद्दल तिचा एक गुण कापला गेला. ती खुर्चीत जाऊन बसली, स्पर्धेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना बोलावून घेतले, ग्राफनेही काही बोलावे अशी तिची अपेक्षा दिसत होती. ग्राफ आपल्या बाजूला गप्प उभी राहिली. गॅलऱ्यांतून शिट्ट्या आणि हुर्यो सुरू झाली, ती सामना संपेपर्यंत थांबली नाही.

चेंडू आत होता की बाहेर, यावर आजही मते वेगळी आहेत. इतर मोठ्या स्पर्धांनी पुढे इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा आधार घेतला. रोलां गॅरोसने मात्र मातीवरच्या खुणेवरच भिस्त ठेवली. हिंगिस त्या क्षणी कोसळली आणि सामना हरली, असे सरसकट लिहिले जाते. धावफलक तसे सांगत नाही. त्या वादानंतरही दुसऱ्या सेटमध्ये ५-४ अशा आघाडीवर ती विजयासाठी सर्व्हिस करत होती आणि विजेतेपद तीन गुणांवर होते. खरी कलाटणी इथे मिळाली. ग्राफने तिची सर्व्हिस भेदली, म्हणजे तिच्या सर्व्हिसचा तो गेम जिंकला, आणि पाठोपाठ सेट ७-५ असा खेचून आणला. जिंकायला आलेली खेळाडू घाबरली, ही कथा टेनिसमध्ये नवी नाही. पण त्या दहा-पंधरा मिनिटांत ग्राफ पूर्वीसारखी खेळली, याचे श्रेय वादाच्या धुरळ्यात तिला नीट मिळालेले नाही.

तिसऱ्या सेटआधी हिंगिस विश्रांतीकक्षात गेली आणि कपडे बदलून परतली. प्रेक्षकांनी तिची वाट हुर्योने पाहिली होती, स्वागतही हुर्योनेच केले. ग्राफने ३-० अशी मुसंडी मारली. ५-२ वर हिंगिस सामना वाचवण्यासाठी सर्व्हिस करत असताना मॅच पॉइंटवर, म्हणजे गुण गेला की सामनाच जाणार अशा क्षणी, तिने हात खालून फिरवून अंडरआर्म सर्व्हिस केली, एकदा नव्हे, दोनदा. ही सर्व्हिस पूर्णपणे वैध आहे. दहा वर्षांपूर्वी, १९८९ मध्ये, याच कोर्टवर १७ वर्षांच्या मायकेल चँगने पायांत गोळे आलेले असताना इव्हान लेंडलविरुद्ध अशीच सर्व्हिस केली, तेव्हा याच पॅरिसने ते कौतुकाने पाहिले होते. हिंगिसच्या वाट्याला शिव्याशाप आले. टेनिसच्या रिवाजात प्रेक्षक सर्व्हिसच्या वेळी शांत राहतात; त्या दिवशी तो रिवाज धाब्यावर बसला होता. हिंगिसचे वागणे उद्दाम होते, यात वाद नाही. पण वीस हजारांहून कमी नव्हे असे वाटावे इतक्या आवाजाने एका अठरा वर्षांच्या मुलीवर तुटून पडणारा तो जमावही फार शोभत नव्हता.

सामना संपताच हिंगिस कोर्ट सोडून निघून गेली. बक्षीस समारंभासाठी तिची आई आणि प्रशिक्षक मेलानी मोलिटोर हिने तिला खांद्याला धरून परत आणले. ती हमसून हमसून रडत होती. ज्या आईने मार्टिना नवरातिलोवाच्या नावावरून मुलीचे नाव ठेवले, तीच तिला चषक दुसऱ्याच्या हाती जाताना पाहायला घेऊन आली. ग्राफने तिथेच जाहीर केले की ही तिची शेवटची फ्रेंच स्पर्धा. आपल्या कारकिर्दीतील सर्वांत संस्मरणीय विजयांत तिने या विजयाची गणना केली, आणि ते समजण्यासारखे आहे : खुल्या टेनिसच्या युगात (१९६८ पासून, व्यावसायिक खेळाडूंनाही मोठ्या स्पर्धा खुल्या झाल्यानंतर) एकाच ग्रँड स्लॅममध्ये जागतिक क्रमवारीतील पहिल्या तीनही खेळाडूंना हरवणारी ती पहिलीच.

पुढच्या घडामोडी भराभर झाल्या. दुसऱ्या दिवशी पुरुष एकेरीत आंद्रे अगासीने दोन सेटने मागे असताना आंद्रेई मेदवेदेववर विजय मिळवून चारही ग्रँड स्लॅम जिंकण्याचा टप्पा गाठला. ग्राफ आणि अगासी यांचे लग्न २००१ मध्ये झाले. विंबल्डनच्या पहिल्याच फेरीत हिंगिस पात्रता फेरीतून आलेल्या येलेना डोकिचकडून ६-२, ६-० अशी हरली. ग्राफने तिथेही अंतिम फेरी गाठली, पण डेव्हनपोर्टने तिला नमवले. ऑगस्टमध्ये ग्राफने निवृत्ती जाहीर केली. सप्टेंबरमध्ये अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत हिंगिसला सेरेना विल्यम्सने हरवले. ताकदीचे टेनिस आता दारात येऊन ठेपले होते, आणि डोक्याने खेळणारी हिंगिस त्यापुढे हळूहळू मागे पडली. त्यानंतर २०००, २००१ आणि २००२ अशा तीन ऑस्ट्रेलियन अंतिम फेऱ्या ती हरली. म्हणजे १९९९ च्या जूनमध्ये कोर्टवर असलेल्या दोघींपैकी कोणीही पुढे एकेरीचे ग्रँड स्लॅम जिंकले नाही. ग्राफबाबत ते अपेक्षित होते. हिंगिसबाबत त्या दिवशी कोणी तसे म्हटले असते तर लोक हसले असते.

भारतीय वाचकांना १९९९ ची फ्रेंच स्पर्धा आणखी एका कारणाने परिचित आहे. त्याच पंधरवड्यात लिएंडर पेस आणि महेश भूपती यांनी पुरुष दुहेरी जिंकली. हिंगिसचा भारताशी संबंध नंतर आला. दुहेरीची खेळाडू म्हणून परतल्यावर तिने सानिया मिर्झाबरोबर २०१५ चे विंबल्डन व अमेरिकन आणि २०१६ चे ऑस्ट्रेलियन महिला दुहेरी विजेतेपद पटकावले. २०१६ मध्ये रोलां गॅरोसला मिश्र दुहेरीत ती पेसची जोडीदार होती. अंतिम सामन्यात समोर सानिया आणि इव्हान डोडिग होते. पेस-हिंगिस जोडी ४-६, ६-४, १०-८ अशी जिंकली आणि मिश्र दुहेरीतील चारही ग्रँड स्लॅम दोघांच्याही खात्यात पूर्ण झाली.