फोटोअकॉस्टिक म्हणजे लेझर लावलेली सोनोग्राफी नव्हे

‘फोटोअकॉस्टिक इमेजिंग म्हणजे लेझरवाली सोनोग्राफी’ हे वाक्य आता वाचवत नाही. फोटोअकॉस्टिक म्हणजे शरीरात प्रकाश सोडायचा आणि त्यामुळे आत उमटणारा आवाज ऐकून चित्र बनवायचं. सोनोग्राफी सगळ्यांना माहीत आहे: त्वचेवर जेल, प्रोब, आत गेलेला आवाज, परत आलेला प्रतिध्वनी. त्यावर जास्त बोलत नाही. किरणोत्सर्ग दोन्हींत नाही. सोनोग्राफी खोलवर पाहते, फोटोअकॉस्टिकचा प्रकाश काही सेंटिमीटरांतच विरतो. हे फरक कुणालाही कळतात.

घोळ होतो तो आवाजापाशी, कारण ऐकायला बऱ्याचदा तोच प्रोब वापरतात. पण फोटोअकॉस्टिकमध्ये आवाज बाहेरून आत जातच नाही. जातो तो प्रकाश, काही नॅनोसेकंदांचा लेझरचा झोत. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषतं, तापतं आणि किंचित फुगतं. तापमान अंशाच्या एक हजारांशाने वाढलं, तरी सुमारे ८०० पास्कल दाब तयार होतो. तो दाब लहर होऊन बाहेर निघतो. म्हणजे आवाज रक्तवाहिनीतच जन्मतो. प्रकाशातून असा आवाज निघतो हे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्येच दाखवलं होतं.

हिशेब करून पाहा. मऊ ऊतींत आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो. रक्तवाहिनी दीड सेंटिमीटर खोल असेल, तर सोनोग्राफीत जाऊन-येऊन साधारण २० मायक्रोसेकंद लागतात. फोटोअकॉस्टिकमध्ये १०, कारण आवाजाचा प्रवास एकेरीच; प्रकाशाला लागणारा वेळ धरण्याइतकाही नसतो. इथे सोनोग्राफीच्या सवयीने वेळेला दोनने भागलंत, तर रक्तवाहिनी अर्ध्याच खोलीवर दिसेल.

जन्म वेगळा, म्हणून चित्राचा अर्थही वेगळा. ऊतींची घनता आणि ताठरपणा कुठे बदलतो, ते सोनोग्राफी दाखवते. प्रकाश कोणी शोषला, ते फोटोअकॉस्टिक. ७५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन जास्त शोषतं, ८५० ला ऑक्सिजन असलेलं. दोन्हींची तुलना करून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज बांधता येतो. साधा प्रतिध्वनी हे सांगू शकत नाही. मात्र त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. सावळ्या त्वचेत खोलवर कमी प्रकाश पोचतो, आकडे बिघडू शकतात. ते न तपासता पद्धत ‘सर्वांसाठी तयार’ म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

सगळ्यात जास्त चीड येते ती लाल-निळ्या चित्रांची. कलर डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, लाल-निळा रंग रक्त प्रोबकडे येतंय की दूर जातंय, एवढंच सांगतो. फोटोअकॉस्टिकमध्ये लाल म्हणजे बहुतेकदा जास्त ऑक्सिजन, निळा म्हणजे कमी. डॉपलरची निळी नस दाखवून ‘इथे ऑक्सिजन कमी’ म्हणणं सरळ चूक आहे. ती ऑक्सिजनने भरलेली रोहिणीही असू शकते. माझा आग्रह एकच: प्रत्येक रंगीत चित्राखाली पद्धत आणि रंगपट्टीचा अर्थ लिहा, आणि चित्र फोटोअकॉस्टिक असेल तर तरंगलांबीसुद्धा.