सायकलने गुडघे झिजतात? खुलासा

‘संधिवात आहे ना, मग सायकल बंद! गुडघ्याची वाटी झिजेल,’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. तो चुकीचा आहे. सांध्यातल्या कूर्चेला (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत, लवचिक थराला) स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलला, दाब पडला-सुटला की वंगणद्रवातून तिला पोषण मिळतं. शिवाय सायकलवर शरीराचं बरंचसं वजन सीट पेलते.

मग दुखतं का? बहुतेकदा सीट खाली असते म्हणून. (पाय टेकावेत म्हणून लोक ती खालीच ठेवतात.) अशाने गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीमागे दाब वाढतो. सीटवर बसा, पॅडल सगळ्यात खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चवडा पॅडलवर घेतला की गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक उरतो. गुडघा पुढून दुखला तर सीट ५ मिलिमीटर वर घ्या, मागून दुखला तर तेवढीच खाली. एकदम इंचभर नको.

दुसरी चूक जड गिअरची. हलका गिअर लावून मिनिटाला ७०-८० फेरे मारा. चढावर उभं राहून रेटू नका. सुरुवात सपाट रस्त्यावर १० मिनिटांची. मनगटं दुखत असतील तर हँडल थोडं वर घ्या.

सांधा गरम, लाल किंवा सुजलेला असेल त्या दिवशी मात्र सायकल नको. सूज अचानक आली, सोबत तापही असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.